फास्ट

‘कर्जत फास्ट’ ही मध्य रेल्वेची कविकल्पना. कल्याणपर्यंत ती बरीचशी स्टेशनं गाळते. पुढे विठ्ठलवाडीपासून थेट वांगणी, शेलू, भिवपुरीपर्यंत एकालाही नाराज करत नाही. ‘खोपोली फास्ट’ तर कर्जतनंतर एकेरी रुळावर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असं रमतगमत खालापूर तालुक्यातलं खोपोली गाठते. प्रवासी उगाच करवादतात. जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’ या शब्दाचा अर्थ घट्ट, जागचा न हलणारा असाच होता. वेग त्याला मागाहून चिकटला. न जाणाऱ्या रंगाला आणि उपवासालाही इंग्रज हाच शब्द लावतो. सिग्नलला खोळंबलेल्या डब्यात सगळे अर्थ एकदम भेटतात: हलता येत नाही, पोटात काही नाही, आणि शेजाऱ्याच्या घामाने आपल्या शर्टाचा रंग पक्का की कच्चा, तेही कळतं.