कुंडीवर फुली

नव्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर एक चित्र असतं. चाकांची कचराकुंडी आणि तिच्यावर भलीमोठी फुली. २०२२च्या नियमांनी ते सक्तीचं केलंय. म्हणजे, मंडळी, बॅटरी कचऱ्यात टाकू नका.

टाकतंय कोण? ज्या घरात मोडका पाटसुद्धा माळ्यावर जपून ठेवतात, त्या घरातून वीस-पंचवीस किलो शिशाचा ऐवज घंटागाडीत जाईल? बॅटरी मेल्याची खबर भंगारवाल्याला आपल्याआधी लागते. दुकानदार म्हणतो, ‘जुनी आणा, नवीत वळती करून देतो.’ थोडक्यात, बॅटरी जिथे जन्मात कधी गेली नाही, तेवढीच एक वाट या चित्राने बंद केली.

जिथे जाते, तिथे फुली नाही. भंगारवाल्याचा पहिला प्रश्न : ‘पाणी काढून की पाण्यासकट?’ पाणी म्हणजे गंधकाम्ल हो! भाव शिशाचा, मग पाणी कशाला तोला? बुचं उघडायची, बॅटरी गटारावर पालथी घालायची. मग गटाराचं चित्र का नाही? पुढे कुऱ्हाडीने पेटी फोडतात, प्लेटा काढतात, त्या रात्री गावाबाहेरच्या भट्टीत जातात. खड्डा, कोळसा आणि एक पंखा, झाला कारखाना. कुऱ्हाड, भट्टी, पंखा, काय सुरेख चित्रं झाली असती! फुल्या मारायला बॅटरीला चांगल्या चार बाजू आहेत. पण नाही. फुली खायची ती बिचाऱ्या कुंडीनेच.

ई-रिक्षा वाढल्या, इन्व्हर्टर वाढले, शिसं हवंच आहे. कितीदाही वितळवा, कस उतरत नाही, असं कौतुकाने सांगतात. खरंय. पोराच्या हाडात शिरलं तरी वर्षानुवर्षं मुक्काम हलवत नाही. २००० साली पेट्रोलमधून शिसं हद्दपार केलं म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. आज तेच भट्टीवर राबणाऱ्या बापाच्या बनियनवरून रांगत्या लेकरापर्यंत पोहोचतं, आणि लेकराच्या रक्तात ते किती चालतं याचा सुरक्षित आकडाच नाही. धूर गाळणारी यंत्रं बसवणारा कारखाना भंगाराच्या भावात भट्टीवाल्यापुढे हरतो. हरेल नाही तर काय! भट्टीवाल्याचा खर्च वस्तीतली पोरं भरतात, तेही डोक्याने. आणि आपण पन्नास रुपये जास्त मिळाले म्हणून खूश!

तेव्हा जुनी बॅटरी पाण्यासकट द्या, आणि ती नोंदणी असलेल्या कारखान्याकडेच जाईल अशी पावती मागा. पावतीचं नाव काढताच भाव उतरेल. उतरू द्या.