बसतंय की!

(रंगमंचावर दोन विटा, त्यांवर एक लवचीक फळी. शेजारी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. हातात रूळ घेतलेला निवेदक. चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही.)

पिकअप म्हणजे पुढे केबिन, मागे हौदा आणि शेवटी फाळका असलेलं मालवाहू वाहन. त्याची भारक्षमता कागदावर लिहिलेली असते. बोलेरो पिकअपच्या एका मॉडेलची 1.7 टन आहे. नांदेडच्या मोंढ्यात मात्र कागद बघत नाहीत, हौदा बघतात. जागा दिसली म्हणजे क्षमता शिल्लक आहे. या मोजणीचं एकक एकच: 'बसतंय की!'

(फळीवर एक बाटली ठेवतो.)

'बसणे' हे क्रियापद अकर्मक आहे. म्हणजे त्याचा दोष कुणावरच येत नाही. आधी माल बसतो. सिमेंटच्या 50 किलोच्या 34 गोण्या झाल्या, की 1.7 टन पुरे. या गोण्या साधारण दोन थरांत मावतात आणि वर वीतभर पोकळी उरते. ही वीतभर पोकळी गाडीमालकाला रात्री झोपू देत नाही.

मग माणूस बसतो. मालाचा धनी, दोन हमाल, लोह्यापर्यंत येणारे मामा आणि मामांची सायकल. मामांचं वजन मालात धरत नाहीत; धरलं तर मामा रुसतात.

(आणखी तीन बाटल्या. फळी वाकते.)

मग पाटा बसतो. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची कमान असते. भार पडला की ती सरळ होऊ लागते. त्यावर गॅरेजातला उपाय म्हणजे पाटा वाढवणं. गाडी उंच दिसते, मालक खूश. पण ब्रेक तेच, टायर तेच, चेसीही तीच. कंबरेला पट्टा बांधला म्हणून गुडघे काही बळकट होत नाहीत. त्यातून जड माल मागच्या ॲक्सलच्या मागे, फाळक्याकडे रचला, तर पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं. डायव्हर म्हणतो, 'गाडी लय मऊ चालूलालीय.' ती मऊ चालत नसते. तिचं नाक वर झालेलं असतं.

सर्वांत फसवा माल पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे चौथीत शिकवतात आणि टाकी भरताना विसरतात. पिकअपवर 2,000 लिटरची टाकी काठोकाठ भरली, की टाकीचं वजन सोडूनच दोन टन झाले. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. रेल्वेला ते झेपलं, कारण रेल्वेत कुणी 'बसतंय की' म्हणत नाही.

(अर्धी भरलेली बाटली आडवी धरून हलवतो.)

अर्धी टाकी तर भरलेलीपेक्षा वाईट वागते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पाणी पुढे जातं, आदळून मागे येतं, आणि थांबलेल्या गाडीला पुन्हा धक्का देतं. टाकी डायव्हरचं ऐकते. पाणी कुणाचंच ऐकत नाही.

याच्या उलट कडबा. वजन किरकोळ, पसारा अफाट. कडबा भरलेली पिकअप मागून दिसतच नाही. ज्वारीचं शेत स्वतःहून गावाला निघालेलं दिसतं. इथं पाटा बसत नाही, पण उंची वाढते, वारा धरतो, वळणावर तोल जातो आणि विजेच्या तारा हाताशी येतात.

तिसरा प्रकार जिवंत माल. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार होतो. लालकंधारी बैल हौद्यात चढेपर्यंत माल असतो. चढल्यावर तो सहप्रवासी होतो. चारही पायांनी उभा असल्यामुळं भार उंचावर राहतो, आणि वळणावर बैल ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला गाडी झुकते. त्याला मात्र 'बस' म्हटलं तरी तो बसत नाही.

नांदेड-लातूर रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो आणि वाटेत बालाघाटाचे चढउतार लागतात. चढावर कमी गिअर टाकायला कुणी सांगावं लागत नाही. इंजिनच रडून सांगतं. उतारावर मात्र डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, म्हणजे इंजिनचा रोध सोडून सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, तापले की कमी धरतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायचं अंतर चौपट होतं. हा नियम बैलालाही लागू आहे.

(फळीवर शेवटची बाटली. फळी जमिनीला टेकते.)

शेवटी दंड बसतो. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. ही एकच गोष्ट अशी, की जी बसते आणि कुणीही 'बसतंय की' म्हणत नाही.

माल उतरला की परतीचा प्रवास. पाटे वाढवलेली रिकामी पिकअप खड्ड्यात दणके देत उडते, म्हणून डायव्हर मागे वाळूची दोन पोती टाकतो. पोत्यांवर मामा.

(बाटल्या एकेक उतरवतो. फळी वर येते. पूर्ण सरळ होत नाही. निवेदक रुळानं तिचा बाक मोजतो, वहीत लिहितो आणि विंगेत जातो.)