जिन्याखाली बॅटऱ्या रचणाऱ्या शेजाऱ्यास खुलं पत्र

महोदय,

आपल्या इमारतीला जिना एकच आहे. तुम्हीही रोज त्यानेच चढता. तरी त्याच जिन्याच्या तोंडाशी, मीटरच्या खोलीला लागून असलेल्या पत्र्याच्या कपाटात तुम्ही बंद पडलेल्या स्कूटरची बॅटरी, जुने लॅपटॉप, फुगलेली पॉवर बँक आणि ड्रिलच्या बॅटऱ्या कोंबल्या आहेत. विचारलं तर म्हणालात, "वापरात नाहीत, त्या काय करणार? फुल्ल चार्ज करूनच ठेवल्यात."

इथेच तुम्ही चुकता. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून असली तरी आतली रसायनं थांबत नाहीत. पूर्ण चार्ज आणि उष्णता, दोन्ही मिळाली की ती सर्वांत वेगाने झिजते. ४० टक्के चार्ज ठेवून २५ अंशांत ठेवलेल्या बॅटरीची वर्षाअखेर सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण चार्ज करून ४० अंशांत ठेवली तर ६५. पुण्याचा एप्रिल तुम्ही पाहिलेला आहे, आणि तुमच्या पत्र्याच्या कपाटावर दुपारभर ऊन असतं. आणि प्रश्न नुसत्या झिजेचा नाही, आगीचाही आहे. विमानाने सुट्या बॅटऱ्या माल म्हणून पाठवायच्या तर २०१६पासून ३० टक्क्यांहून जास्त चार्ज चालत नाही. विमान कंपन्यांना जी भीती वाटते ती तुम्हाला शिवतही नाही!

ड्रिलच्या बॅटऱ्यांची गोष्ट उलटी. त्या पडून पडून पार उतरल्या होत्या. इतक्या उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचून आतच शॉर्टसर्किट होऊ शकतं. त्याच बॅटऱ्या तुम्ही जिन्यात चार्जिंगला लावल्या आणि वर जाऊन झोपलात. वरच्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे एकेक पायरी बसत उतरतात. आग लागली तर त्यांनी कुठून उतरायचं, हे मला सांगा.

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यातल्याच धानोरी-लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. सरकारला चौकशी लावावी लागली, आणि त्याच वर्षी बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. ही मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. पण कुठलंही मानक तुमच्या कपाटात येऊन चार्ज तपासणार नाही.

बॅटऱ्या जपायच्याच असतील तर ४०-५० टक्के चार्ज ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि स्वतःच्या घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात, जिथे तुमची नजर पडेल तिथे ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई तो कचरा हातांनी वेगळा करतात. बॅटरी वेगळी देणं हे २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तुमचं कर्तव्यच आहे.

येत्या रविवारपर्यंत कपाट रिकामं करा. उचलायला मी येतो. नाही केलंत तर सोमवारी मी अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार देणार आहे, आणि तिच्यावर तुमचं नाव असेल.

आपला,
वरच्या मजल्यावरचा शेजारी