विहीण मिनासची

(रंगमंचावर ओटा. त्यावर कुकर, किसणी, एक परात. साठीच्या बाई येतात. सुती साडी, पदर खोचलेला, वर पोपटाचं चित्र असलेला ॲप्रन.)

मी मुलीची आई. म्हणजे आपल्याकडच्या हिशोबानं कायमची पडती बाजू. विहिणीनं नाक मुरडलं की आपण मान खाली घालायची, याचा सगळा रियाज मी करून ठेवलेला. आणि लेकीनं जावई आणला कुठला? बेलो ओरिझोन्चीचा! देश ब्राझील, राज्य मिनास झेराइस. तिथल्या विहीणबाईंना मानपानच ठाऊक नाही हो. मी ओटीचं सामान घेऊन गेले, तर त्यांनी मला मिठी मारली आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन हातात ही दिली. (किसणी दाखवते) आता हा मान समजायचा की अपमान?

तो शनिवार होता. शनिवार म्हणजे फेइझ्वादा. राजम्यासारख्याच शेंगेतला काळा कुळकुळीत दाणा, रात्री भिजत घातलेला. आणि शिजवायला काय? कुकर! माझा जीव त्या भांड्यात पडला. म्हटलं, विहीणबाई, किती शिट्ट्या?

त्यांच्या कुकरला शिट्टीच नाही. तो नुसता (फुसफुसत) छछछछछछ... अखंड. मी बोटं मोजायला उभी, पण मोजू काय? विहीणबाई घड्याळाकडे बघतात. अहो, घड्याळ बघून शिजवायचं तर बाईनं बाहेरच्या खोलीत बसून मालिका कधी बघायची?

मग दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण उघडलं. डुकराचा कान. शेपूट. पाय. आणि खारवलेलं मांस, मीठ उतरावं म्हणून पाण्यात पडलेलं. (झाकण घाईनं ठेवते) मी लेकीला म्हटलं, सांग बाई, आम्ही शाकाहारी. तिनं सांगितलं. विहीणबाईंचा चेहरा पडला, मग एकदम उजळला. तुमच्यासाठी वेगळी करते, म्हणाल्या, अजिबात मांस नाही. केली हो बिचारीनं. मी घास घेतला, तर काहीतरी फारच खमंग लागतंय. विचारलं, काय घातलंत?

“काही नाही. थोडं बेकन.”

“अहो, बेकन म्हणजे मांसच!”

“छे! बेकन चवीपुरतं.”

आणि हे वाक्य, मंडळी, त्या देशात मी घरोघर ऐकलं. मांस म्हणजे गाय. बाकी सगळं चवीपुरतं.

माझ्या ताटात मग भात, बारीक चिरून लसणावर परतलेला हिरवा पाला, लोण्यात भाजलेलं कसाव्याचं भरड पीठ, त्याचं नाव फरोफा, आणि संत्र्याच्या फोडी. भाताशी संत्रं! पण जड जेवणावर ते आंबट खरंच बरं लागतं. शेजारी पेला. उसाची दारू, लिंबू, साखर, बर्फ. ह्यांनी ते सरबत समजून घेतलं असं मी सांगणार होते. पण तुम्ही ह्यांना ओळखता.

खरा पेच पडला तो आषाढीला. तिथं आषाढात हिवाळा. सकाळी विहीणबाई पाँव जी केइझू, म्हणजे चीजचे पाव, करायला बसल्या. मिनासचा जीव की प्राण! त्यांनी डबा उघडला, आत पांढरं शुभ्र पीठ. मी चिमटीत घेतलं. (बोटं चोळते) अगं बाई, हे तर साबुदाण्याचं! आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्याच कसाव्याचं सत्त्व. काही गोडं, काही आंबवून उन्हात वाळवलेलं. आंबवलेल्यानं पाव फुगतो. म्हटलं, विठ्ठला, पावलास! आमचा साबुदाणा इथवर पोचवलास!

लेक म्हणाली, आई, तो इकडचाच. पोर्तुगिजांनी तिकडे नेला. शेंगदाणा? दक्षिण अमेरिकेचा. बटाटा? अँडीज पर्वतातला. मिरची, रताळं? तेही अमेरिकेचंच. अहो, माउलींची समाधी १२९६ ची, कोलंबस तिकडे पोचला १४९२ ला! म्हणजे ज्ञानोबांनी साबुदाण्याची खिचडी जन्मात खाल्ली नाही, तरी ते ज्ञानोबा झाले! आणि १५०० साली तो पोर्तुगीज काब्राल निघाला होता कालिकतला. समुद्रात पश्चिमेकडे जरा जास्त सरकला, तर ब्राझील लागलं. तिथून पुन्हा निघून कालिकतला पोचलाच. म्हणजे पुण्याला येताना लोणावळा लागावं, तसं आपल्याकडे येताना ब्राझील!

मी काय हार मानते? विचारलं, या पावातलं दूध कुठल्या गाईचं? लेक गप्प. मी खिडकीतून बोट दाखवलं. वशिंड, लोंबते कान, फुगीर कपाळ. गीर! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथले गोपालक बोटीनं भारतात येऊन गुरं घेऊन गेले, त्यात ही गुजरातची लेक. तुमचा कंद आमच्याकडे, आमची गाय तुमच्याकडे. फिट्टंफाट!

विहीणबाईंनी दूध-तेल उकळून पिठावर ओतलं. उकड! आता माझं राज्य. मी हात धुऊन मळायला घेतली, किसलेलं चीज घातलं, मनात पांडुरंग पांडुरंग. आणि विहीणबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत (फोडल्याचा अभिनय) टक्. अंडं. टक्. दुसरं.

(परातीकडे बघत राहते.)

आषाढी हो!

गोडाला मात्र त्यांनी वाचवलं. कंडेन्स्ड मिल्क, कोको, लोणी. तळ सोडेपर्यंत आटवायचं, हाताला लोणी लावून वळायचं. ब्रिगादेइरू. १९४५ च्या निवडणुकीत एदुआर्दू गोमिस नावाचा हवाई दलाचा ब्रिगेडियर राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. देखणा, वर अविवाहित! त्याच्या प्रचाराला बायकांनी हे करून विकले, असं सांगतात. आपल्याकडे उमेदवार निवडून आला की पेढे. इथं उमेदवार पडला आणि पेढा निवडून आला!

मग मी ठरवलं, आता आपली पाळी. साबुदाणा पुण्याहून नेलाच होता. मोकळी, लुसलुशीत खिचडी केली. तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट. विहीणबाईंनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. डोळे उघडले. लेकीच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. लेक माझ्याकडे बघेना.

“अगं, काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, अप्रतिम आहे. फक्त... थोडं बेकन?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हे काहीतरी बोलतील. वारकऱ्याच्या घरातले आहेत.

ह्यांनी ताट पुढे केलं.

(काळोख.)