मिळाले, बाकी

आजीचा चष्मा हरवला की शिक्षा संत अंतोनीला व्हायची. आल्तारावरची त्याची वीतभर मूर्ती ती भिंतीकडे तोंड करून उभी करायची आणि चष्मा सापडेपर्यंत तशीच ठेवायची. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे अंतोनीचं खातं. पोर्तुगालात म्हणे लग्न जुळेना झालं की मुली त्याला उलटा टांगायच्या, विहिरीतसुद्धा सोडायच्या. त्या मानानं आमच्याकडची शिक्षा शाळेतली. चष्मा सापडायचा, बहुतेक वेळा तिच्याच डोक्यावर, आणि मग मूर्ती सरळ, पुढ्यात मेणबत्ती, दोघांचं सूत पुन्हा जमलेलं.

"आजी, हा संतावर जुलूम आहे," मी एकदा म्हणालो.

"जुलूम कसला? काम त्यानंच अंगावर घेतलंय."

वसईतल्या आमच्या घरी तेव्हा दोन म्हशी होत्या आणि दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर असायचा. त्याच कालनिर्णयच्या कडेला, बारीक अक्षरात, आजीचा दुसरा हिशेब चाले. 'विहिरीला पाणी – मिळाले.' 'धाकटीचे लग्न – मिळाले.' 'थोरल्याची दारू – बाकी.' दुधाच्या उधारीला जे दोन शब्द, तेच देवालाही. 'नाही' असा शेरा मी त्या कडेला कधी वाचला नाही. वर्ष संपलं की मिळालेल्या गोष्टी जुन्या कॅलेंडरबरोबर रद्दीत जायच्या आणि बाकी नव्या कॅलेंडरवर उतरवली जायची.

धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर वेगळं शिकवायच्या. देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतो, आणि उत्तरं तीन: हो, नाही आणि थांब. या तीन उत्तरांत बसणार नाही अशी घटना जगात घडूच शकत नाही, हे मला आठव्या वर्षी कळलं. तसं मी विचारलं, तर सिस्टरांनी चौथं उत्तर दिलं: खाली बस.

मोठेपणी नोकरीसाठी मुंबईला जायला लागलो आणि आजीचं माणूस झालो. बुधवारी माहीमला उतरायचं आणि नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, तिची चिठ्ठी टाकायची. सेंट मायकल चर्चमधला हा नोव्हेना 1948 पासून दर बुधवारी चालू आहे आणि रांगेत ख्रिस्ती जितके, तितकेच इतर. तिथे विनंतीची पत्रं येतात तशी आभाराचीही येतात. व्हिसा मिळाला, मूल झालं, जागेचा दावा सुटला. ती वाचून दाखवत, आणि ऐकता ऐकता माझ्यातला कारकून जागा व्हायचा. नऊ बुधवार आलो, काहीही झालं नाही, कळावे, असं पत्र का येत नाही? ज्याचं काम झालं नाही तो पत्र लिहीत नाही, तो दहाव्या बुधवारी पुन्हा येतो.

वांद्र्याच्या मोत माऊलीला तर मागणं तोंडानं सांगायचीही गरज नसते. सप्टेंबरातल्या जत्रेत टेकडीच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं विकायला मांडलेली असतात. गुडघा दुखत असेल तर पाय वाहायचा. आम्ही भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा बायकोनं मेणाचं घर घेतलं. पिवळट, कौलारू, दाराशी दोन पायऱ्या, आत वातीचा दोरा. विकणारीनं विचारलं, "छोटं देऊ का मोठं?" आम्ही खिसा पाहून छोटं घेतलं. तीन वर्षांनी नालासोपाऱ्याला वन रूम किचन झालं तेव्हा बायको म्हणाली, "तेव्हा वीस रुपयांसाठी कंजूषपणा केलात." प्रार्थना इतकी मापात ऐकली गेल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

2006 साली अमेरिकेत एका अभ्यासाचा निकाल आला. हृदयाची बायपास झालेले 1802 रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आणि एका गटाला तर तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे असं आधीच सांगून टाकलं. न सांगता प्रार्थना झालेल्यांत 52 टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, प्रार्थनाच न झालेल्यांत 51. ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात मात्र 59. मी पेपरातली ही बातमी आजीला वाचून दाखवली, थोड्या खोडसाळपणानं.

"मग?" शेंगा सोलता सोलता ती म्हणाली. "दार लावून प्रार्थना कर म्हणून येशूनं सांगितलंय. यांना गाजावाजा करायला कोणी सांगितला?"

आजोबा गेले तेव्हा आमच्या फादरांनी संत मोनिकाची गोष्ट सांगितली होती. मुलगा ऑगस्टीन समुद्रापार जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या बंदराजवळ रात्रभर रडत प्रार्थना करत राहिली आणि हा तिला थाप मारून त्याच रात्री रोमच्या जहाजात चढला. पुढे मिलानला बिशप अँब्रोज भेटले आणि 387 साली त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. आईनं आयुष्यभर मागितलं होतं ते हेच. म्हणजे त्या रात्रीचं मागणं नाकारलं म्हणून जन्माचं मागणं पुरं झालं. गोष्ट सुंदर आहे, पण मोनिकाला शेवट बघायला मिळाला होता. सगळ्यांना कुठे मिळतो? केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आपल्या मराठी बायबलची मुद्रितं तपासून व्हावीत एवढं आयुष्य मागून घेतलं आणि काम संपताच 1922 च्या एप्रिलात त्या गेल्या, असं सांगतात. ते खरंच असेल. पण आधल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. आईनं तिच्यासाठी काय कमी मागितलं असेल? मुद्रितांना दिवस मिळाले, मुलीला नाहीत. या दोन्हींना पुरेल एवढं स्पष्टीकरण मी अजून कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही, आणि कोणी फार सफाईनं देऊ लागलं की मला ती सफाईच खटकते.

मोनिकाची गोष्ट सांगून फादर परतल्यावर आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गेथसेमनीच्या बागेत येशूनं स्वतः मागितलं, हा प्याला टळू दे. तीनदा मागितलं. टळला?" आणि उठून म्हशींना पाणी दाखवायला गेली.

त्या डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं. आजीनं बाकी उतरवून घेतली. 'ह्यांचा दमा' ही ओळ तिनं तशीच नव्या कॅलेंडरवर लिहिली, पुढे 'बाकी'. चुकून लिहिली असेल म्हणून मी काही बोललो नाही. पुढच्या वर्षीही ती ओळ होती. त्याच्या पुढच्याही.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर आवरताना तिचं शेवटचं कॅलेंडर मिळालं. कडेला दम्याची ओळ होती आणि तिच्याखाली माझं नाव. मी सेमिनरीत जावं, फादर व्हावं ही तिची जुनी हौस, मला ठाऊक होती. पुढे कित्येक वर्षांची 'बाकी' असणार हे गृहीत धरून मी चष्मा लावला. 'बाकी' होतंच, पण खोडलेलं. माझी दुसरी मुलगी जन्मली त्या महिन्याच्या कडेला, वेगळ्या शाईत, तिनं लिहिलं होतं: 'फादर – मिळाले. दोनदा.'