अ‍ॅक्शनच्या साली

परभणीकडच्या एखाद्या आजीला जन्मसाल विचारा. सनबिन ती सांगणार नाही. "रझाकारात मी रांगायलते," म्हणेल. आणि धाकटा भाऊ? "त्यो अ‍ॅक्शननंतरचा." श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरणाऱ्याने मग डोकं खाजवायचं आणि मास्तर लोकांनी पाडलेल्या वहिवाटीने १ जून लिहून मोकळं व्हायचं.

लढाईच्या काळाला आमच्याकडे युद्ध म्हणायची रीत नाही. तो शब्द शाळेच्या पुस्तकातला, पानिपतासाठी राखून ठेवलेला. निजामाच्या राज्यातलं १९४७-४८ म्हणजे 'रझाकार'. शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक! पण लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या संघटनेने अशी काही सेवा केली, की माणसाच्या नावाचा थेट हंगाम झाला. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, रझाकारात.

'अ‍ॅक्शन'ची गंमत आणखी वेगळी. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल चौधरी होते. पोलीस मात्र शोधावे लागले असते. तिकडे हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेत पोचलेली, त्यामुळे याला युद्ध म्हणणं दिल्लीला परवडणारं नव्हतं. म्हणून ही 'पोलीस अ‍ॅक्शन', म्हणजे घरचा बंदोबस्त. लष्करातलं 'ऑपरेशन पोलो' हे नाव तर गावात कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. आमच्या लोकांनी उरलेले पोलीसही वगळले आणि नुसती 'अ‍ॅक्शन' ठेवून घेतली. हल्लीच्या नातवांना वाटतं, आजीच्या लहानपणी गावात शूटिंग चालू होतं. तसं ते चालू होतंच म्हणा.

लढाई पाच दिवसांची, पण शब्दात मावलंय फार. आधी घरदार सोडून वऱ्हाडात पळालेली माणसं त्यात आहेत, आणि नंतर संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांनी जे सोसलं तेही. त्याची चौकशी करत पंडित सुंदरलाल समिती हिंडली होती. त्यामुळे एकच शब्द एका गल्लीत सुटकेचा, तर पलीकडच्या गल्लीत धास्तीचा.

'मुक्तिसंग्राम' हा भारदस्त शब्द १७ सप्टेंबरला झेंड्यापाशी ऐकू येतो. बाकी वर्षभर अ‍ॅक्शनच. तिचा अर्थ कोशात धुंडाळत बसू नका. पंच्याऐंशी पार केलेलं एखादं माणूस गाठा, दोन्ही गल्ल्यांतलं गाठा, आणि अ‍ॅक्शनच्या आधी घरात काय काय होतं ते विचारून घ्या.