दोन वर्द्यांचा हवालदार

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात त्याला सगळे हवालदार म्हणतात. एरवी तो गावच्या पोलीस खात्यात गस्तीच्या गाडीवर असतो, आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार नॅशनल गार्डमध्ये सार्जंट. शिवाय वर्षातून दोन आठवड्यांचं सलग शिबिर. भरतीच्या जाहिरातीतला हिशेब वर्षानुवर्षं एवढाच: महिन्याला दोन दिवस, वर्षाला दोन आठवडे. तो मांडणाऱ्याला घरदार नसावं, असं हवालदाराच्या बायकोचं मत आहे.

आपल्याकडे ही भानगडच नाही. प्रादेशिक सेनेच्या जाहिरातीत उमेदवाराचा स्वतःचा कामधंदा असावा म्हणतात, आणि पोलिसांनी अर्ज करू नये हेही तिथंच बजावून ठेवतात. अमेरिकेत मात्र गार्डच्या तुकडीत पोलीस हटकून सापडतो. दिवसभर वर्दीत उकडून निघालेला माणूस घरी आला की ती उतरवून लुंगी लावेल, असं आपल्याला वाटतं. या वाणाची माणसं दुसरी वर्दी इस्त्रीला टाकतात.

हवालदाराच्या डिकीत कायम दोन बॅगा असतात, एक काळी, एक लष्करी ठिपक्यांची. दोन्हींत बूट, टॉर्च, हातमोजे आणि अर्धवट खाल्लेली चिक्की. एका पहाटे त्यानं अंधारात चुकीची बॅग उचलली आणि लष्कराच्या तपकिरी बुटांच्या रांगेत एकटा काळे पोलिसी बूट घालून उभा राहिला. त्या दिवसापासून तुकडीत कुणाचं काही हरवलं की आधी त्याच्याकडे तक्रार नोंदवायला येतात.

खरी पंचाईत बाराखडीची. वायरलेसवर अक्षरं सांगताना त्याचं पोलीस खातं ए म्हणजे ॲडम, डी म्हणजे डेव्हिड म्हणतं. लष्कर अल्फा आणि डेल्टा. सोमवारी सकाळी त्यानं एखाद्या गाडीचा नंबर सांगताना ‘डेल्टा’ म्हटलं, की कंट्रोल रूममधली बाई ओळखते, स्वारी काल ड्रिलला होती. बँकेच्या फोनवर स्वतःचं आडनाव सांगताना तर दोन्ही बाराखड्या एकमेकींत घुसतात आणि समोरचा फोन ठेवून देतो. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, तिकडून ओरडतात, “अरे, सरळ क कमळातला म्हण!”

त्याच्या पोलीस ठाण्यात नुकताच एक नवा पोरगा भरती झाला. त्याला कामाला लावायची जबाबदारी हवालदाराकडे. शुक्रवारी यानं पोराचा अपघाताचा अहवाल तिसऱ्यांदा परत केला, वर “शाळेत गेला होतास ना?” असंही विचारलं. शनिवारी सकाळी ड्रिलच्या मैदानावर नवे सेकंड लेफ्टनंट हजर झाले. तोच पोरगा. सार्जंटनं खाडकन सलाम ठोकला. पोरानं तो घेतला आणि फार मायेनं विचारलं, “हत्यारांची यादी झाली? मला एकदा तपासायचीय.” तेव्हापासून दोघं एकमेकांशी इतके अदबीनं वागतात, की एकाच मांडवातले दोन व्याही वाटावेत. सोमवारचा धाक शनिवारला आहे आणि शनिवारचा सोमवारला. असा बंदोबस्त सगळ्याच कचेऱ्यांत असता तर बरं झालं असतं.

अण्णांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. 1994 सालचा युसेरा नावाचा कायदा त्यांना अजून पटलेला नाही. लष्करी कामाला जायचं तर वरिष्ठाची परवानगी मागायची नाही, नुसतं आधी कळवायचं. परत आल्यावर त्यानं जागेवर घ्यायचंच.

“म्हणजे साहेबाची सही नको?”

“नको.”

“आणि त्यानं नाही म्हटलं तर?”

“म्हणता येत नाही.”

किरकोळ रजेसाठी एकाच आजीला दोनदा मारलेल्या त्या माणसानं हे ऐकून पाणी मागवलं.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. ड्रिलहून घरी पोचल्यावर कामावर जायच्या आधी माणसाला आठ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हे कलम पोलीस खात्यासाठी आहे, पण हवालदार ते रविवारी संध्याकाळी बायकोला ऐकवतो, विशेषतः गवत कापायचं असेल तेव्हा. ती गणितात पक्की आहे. दोन दिवसांच्या ड्रिलला चार दिवसांचा मूळ पगार मिळतो हे खरं. पण तेच दोन दिवस पोलिसांत ओव्हरटाइम केला असतास तर किती झाले असते, हे ती तोंडी करून दाखवते. तो आरोग्य विम्याचा मुद्दा काढतो. ती दातांचा डॉक्टर काढते.

गणपतीत तर विचारूच नका. अमेरिकेत बाप्पा शनिवारी येतात, कारण भक्तांना सुट्टी तेव्हाच. सप्टेंबरातलं ड्रिलही शनिवारीच. ढोल-ताशाच्या पथकात हवालदाराचं नाव दर वर्षी असतं. त्याचा ढोल अण्णा वाजवतात.

2012च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं, तेव्हा या सगळ्याचा कस लागला. पोलीसप्रमुखांनी सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. त्याच संध्याकाळी गव्हर्नरचं बोलावणं गार्डला. सरकारी कागदावर संकटाला तोंड द्यायला दोन माणसं सज्ज होती, आणि ती दोन्ही हाच होता. शेवटी तो गार्डकडे गेला. होबोकेनमध्ये पाणी तुंबलं होतं आणि गार्डचे उंच ट्रक अडकलेल्या लोकांना बाहेर काढत होते; त्यातल्या एकावर तो तीन दिवस उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीनं गळ्यात पडून पापा घेतला. त्याच्या स्वतःच्या तळघरात गुडघाभर पाणी होतं. ते बायकोनं आणि अण्णांनी बादल्यांनी उपसलं, कुठल्याही वर्दीशिवाय.

“वीस वर्षं पुरी होऊ देत, मग सोडतो,” हे त्याचं पालुपद. वीस वर्षं भरली की पेन्शन पक्की, फक्त ती हातात पडते साधारण साठाव्या वर्षी. वर्ष धरलं जायला किमान पन्नास पॉइंट लागतात. ते तो दाराआडच्या कॅलेंडरवर दूधवाल्यासारखे मांडत आला. यंदा पत्र आलं, वीस पूर्ण. बायकोनं श्रीखंड-पुरी केली. पुढच्या शनिवारी हवालदार घरी होता. नऊ वाजेपर्यंत त्यानं मसाल्याच्या डब्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, दहाला मुलीच्या खोलीची तपासणी घेऊन चादरीवर सुरकुती दाखवली, अकराला अण्णांना दाढी करायला सांगितलं.

सोमवारी बायकोनं गुपचूप युनिटच्या कचेरीत फोन लावला. वीस वर्षं झालेल्या माणसाला अजून थोडे दिवस ठेवून घेता का, म्हणून विचारायला.

“बाई,” तिकडचा कारकून म्हणाला, “सहा वर्षांच्या मुदतवाढीवर त्यांनी मागच्याच महिन्यात सही केली. तुम्हाला बोलले नाहीत?”